अ वर, ब आणि क खाली

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला की, बाई, तुमच्या शिक्षकी पेशातल्या हृद्य आठवणी लिहून द्या. हृद्य म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. पायात चप्पल नसलेला हुशार विद्यार्थी, कंदिलाखाली अभ्यास, पुढे तो मोठा साहेब होतो आणि भर सभेत स्टेजवरून उतरून गुरुजींच्या पाया पडतो. माझ्याकडे हा माल नाही. मी सिंदी रेल्वेच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गाला गणित शिकवलं आणि तेवढ्या काळात जो मूर्खपणा पाहिला, तो शिकल्यासवरल्या, कोट घालणाऱ्या माणसांचा होता. त्यातला थोडा सांगते. ज्यांना हृद्य पाहिजे त्यांनी पान उलटावं, पुढे कविता असतीलच.

नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा देशकर हेडमास्तरांनी मला पाहून आधी विचारलं की, शिवणकामाच्या बाई तुम्हीच का? मी म्हटलं, गणिताची. त्यांनी माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, बसा. पुढची काही वर्षं ते मला 'बसा' असंच म्हणत राहिले, आणि मी उभीच राहून बोलत राहिले.

बाहेरच्यांना सांगायला हवं की, पन्नासच्या दशकात आमच्याकडे मॅट्रिक म्हणजे काय होतं. तलाठी व्हायचं, रेल्वेत चिकटायचं, मास्तर व्हायचं, कोर्टात कारकून व्हायचं, कुठंही जा, दारावर मॅट्रिक बसलेली. आणि मॅट्रिकच्या दारावर गणित. बाकीच्या विषयांत पोरगं रडतखडत निभावून नेई आणि गणितात सपशेल आपटे. त्यामुळे गणिताच्या मास्तराकडे लोक ज्या नजरेनं पाहत, तशी नजर मी फक्त स्टेशनमास्तरासाठी पाहिली आहे, गाडी चुकायच्या वेळी. आईबाप घरी येत. एक रुईचे व्यापारी तर तूप घेऊन आले. डबा परत घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, "बाई, तूप राहू द्या, एवढंच सांगा का गणितातलं किती नाई आलं तरी चालते?" मुलाला किती यावं हे विचारणारा बाप मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही. सगळे किती न येऊन चालेल तेच विचारायचे.

आता भूमिती. भूमितीच्या पेपरात एक प्रमेय सिद्ध करायचं असे, आणि त्याच्या शेपटीला एक छोटं उदाहरण असे, त्याला रायडर म्हणत. प्रमेय पुस्तकात छापलेलं, रायडर डोक्यातून काढायचा. म्हणून सगळी शाळा प्रमेयं पाठ करी आणि रायडर ऑप्शनला टाकी. पाठ करी म्हणजे कशी? अक्षरांसकट. त्रिकोण म्हटला की अ वर, ब आणि क खाली. अ पासून खाली रेघ काढली की तिचं टोक ड. त्यात बदल नाही. घरातल्या देवांची मांडणी बदलेल, पण ब कधी डावीकडून उजवीकडे जाणार नाही.

या पाठांतराचे महंत होते लांजेवार मास्तर. ते नागपूरला कुठल्याशा शाळेत होते आणि दर रविवारी पॅसेंजरनं सिंदीला येऊन शिकवणी घेत. हेडमास्तरांनीच त्यांना शाळेची खोली दिलेली. मास्तर येताना 'गेस' आणीत. यंदा कोणती प्रमेयं येणार त्याचा अंदाज. तो सांगताना ते आवाज इतका खाली आणीत की जणू बोर्डातल्या साहेबांनी कानात सांगितलंय. मी रविवारी बाजाराला जाताना त्यांच्या खोलीवरून जायची. आतून चाळीसेक गळे एकदम: "त्रिकोण अबक मध्ये अब बरोबर अक, सिद्ध करावयाचे आहे की..." चाल आरतीची, फक्त टाळ नव्हते. आणि खिडकीतून बघावं तर अर्धी पोरं डोळे मिटून म्हणत होती, म्हणजे आकृती पाहायचीही गरज नाही.

मी एकदा मास्तरांना स्टेशनवर गाठून विचारलं की, पोरांना हे समजतं का? ते हसले. म्हणाले, "बाई, समजून घ्यायला कॉलेज आहे." कॉलेजात समजून घ्यायचं, शाळेत पाठ करायचं आणि मधल्या काळात पास व्हायचं, असा सगळा बेत होता.

मॅट्रिकच्या आधी शाळेची टेस्ट होई. ती आपल्या भल्यासाठी आहे असं पोरांना वाटे. तिचा खरा उपयोग वेगळाच होता. टेस्टमध्ये जे कच्चे दिसत, त्यांचा परीक्षेचा फॉर्म हेडमास्तर पाठवीतच नसत. पोरगं परीक्षेलाच बसलं नाही, तर नापास होईल कसं? अशा रीतीनं शाळेचा निकाल शंभर टक्के लागे आणि गावात पेढे वाटले जात. रोखून धरलेली पोरं एक वर्ष घरी बसत, मग पुढच्या वर्षी पुन्हा, मग कधीतरी बापाच्या शेतात. त्यांची गणना कुठल्याच टक्क्यात नव्हती. देशकर हेडमास्तर या शंभर टक्क्यांवर भाषण करीत, आणि समोर बसलेले पालक टाळ्या वाजवीत. त्यातले काही रोखलेल्या पोरांचेच बाप असत, आणि तेही वाजवीत.

एका साली टेस्टचा भूमितीचा पेपर मी काढला. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय. ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या, त्याचे पायाजवळचे कोनही सारखे. इतकं सोपं की पुस्तकात ते सुरुवातीलाच येतं. मी फक्त त्रिकोण आडवा पाडला, टोक उजवीकडे केलं, आणि अक्षरं दिली म, न, प. बस्. एवढंच केलं.

वर्गात काय झालं ते मी फिरून पाहत होते. एकानं कागद उभा-आडवा फिरवला. एकानं माझी अक्षरं खोडून वर अबक लिहिलं, मग अ कुठं टाकावं ते कळेना म्हणून रडकुंडीला आला. बहुतेकांनी सरळ माझ्या आकृतीकडे पाठ फिरवली, शेजारी पुस्तकातली आकृती काढली, अ वर, ब आणि क खाली, आणि तिचीच सिद्धता लिहून दिली. खाली ठसठशीत, 'हेच सिद्ध करावयाचे होते.' मी विचारलं काय, यांनी सिद्ध केलं काय.

एका मुलीनं मात्र माझ्याच त्रिकोणावर काम केलं होतं. कौसल्या भगत. शेवटच्या बाकावर बसायची. तिथं बस असं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, पण पुढं ये असंही कोणी सांगितलेलं नव्हतं. बाप दौलत भगत कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्याच दसऱ्याला हे कुटुंब बाकीच्या वस्तीसोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं होतं आणि त्यावरून आमच्या शिक्षकांच्या खोलीत जे बोलणं चाले ते इथं लिहायची माझी इच्छा नाही. कौसल्याकडे भूमितीचं पुस्तक नव्हतं. फळ्यावर पाहिलेली आकृती घरी जाऊन कोळशानं जमिनीवर काढायची आणि भाकरी थापणाऱ्या आईला समजावून सांगायची. आईला अक्षरओळख नाही, मग अ काय आणि ब काय. ही बाजू, ती बाजू, हा कोन, तो कोन. तीच भाषा तिनं टेस्टच्या पेपरात लिहिली. "या दोन बाजू सारख्या दिल्या आहेत. मधातली रेघ दोघींची एकच. टोकाचा कोन आपणच अर्धा केला. म्हणून हा त्रिकोण त्याच्यावर घडी घातल्यासारखा बसतो." आकृतीवर बाण काढलेले. म, न, प तिनं वापरलेच नव्हते. अबकही नव्हते.

मी तिला मार्क दिले, थोडे कापून. कोणती 'ही' आणि कोणती 'ती' हे वाचणाऱ्यानं कसं ओळखावं? पण विचार अगदी खणखणीत होता, आणि तो तिचा स्वतःचा होता.

पेपर पाहून देशकर हेडमास्तरांचा पारा चढला. म्हणाले, बाईंनी पोरांना जाणूनबुजून अडकवलं. माझी टेस्ट रद्द झाली. दुसरा पेपर लांजेवार मास्तरांनी काढला आणि त्यांनीच तपासला. त्यात अ वर होता, ब आणि क खाली होते आणि एक कौसल्या सोडून सगळी शाळा पास झाली. तिनं पुन्हा 'ही बाजू, ती बाजू' असंच लिहिलं होतं, म्हणून शून्य. मास्तरांनी तिच्या उत्तरावर तांबडी फुली मारून लिहिलं होतं, 'पुस्तकाप्रमाणे नाही.' हेडमास्तरांनी तिचं नाव रोखायच्या यादीत घातलं. मी भांडायला गेले तर म्हणाले, "मुलगी शांत आहे, चांगली आहे, पण त्यांच्या घरचं वातावरण..." वातावरण! हा शब्द आमच्या हेडमास्तरांना फार आवडे. जे तोंडानं बोलायची लाज वाटते ते सगळं त्या एका शब्दात मावतं.

दुसऱ्या दिवशी दौलत भगत शाळेच्या फाटकाशी उभा होता. डोक्याला, मिशांना रुईचे तंतू चिकटलेले, सरळ कामावरून आलेला. आत या म्हटलं तरी आत आला नाही.

"बाई, मले गणित समजत नाई," तो म्हणाला. "पोरगी म्हणते मले येते. हेडमास्तर म्हणते तिले येत नाई. तुमी सांगा, येते का नाई येते?"

मी म्हटलं, येतं.

"मंग तिचा फारम काऊन नाई धाडून राह्यले?"

मग त्यानं सगळं सांगितलं. हिंगणघाटचे सोयरे मागणी घालून बसले होते. त्यानं त्यांना कसंबसं थांबवलं होतं की, पोरगी मॅट्रिक होऊ द्या, ती वर्ध्याला नॉर्मल स्कुलात जाऊन मास्तरीण होणार आहे. सोयरे एका वर्षापुरते थांबले होते. यंदा मॅट्रिक झाली नाही तर वैशाखात लग्न. "मी शब्द देल्ला आहे," तो म्हणाला. "दोनी बाजूनं देल्ला आहे."

मी तशीच वळले आणि शिक्षकांच्या खोलीत गेले. त्या दिवशी निकालाची चर्चा करायला लांजेवार मास्तर आलेले होते. हेडमास्तर, ड्रॉइंगचे सर, हिंदीचे सर, सगळे चहा पीत होते. भिंतीवर फळा होता. मी त्यावर त्रिकोण काढला, आडवा, टोक उजवीकडे, म, न, प. आणि खडू मास्तरांपुढे धरला.

"मास्तर, हे प्रमेय तुम्ही चाळीस पोरांकडून दर रविवारी म्हणवून घेता. हे एवढं करून दाखवा."

मास्तर उठले, हसत उठले. फळ्यापुढे गेले. त्यांनी मान उजवीकडे वाकवली, मग आणखी वाकवली. "त्रिकोण..." म्हणाले आणि थांबले. तोंडातून अ यायला निघाला होता आणि फळ्यावर अ नव्हता. खडू त्यांनी दोनदा टेकवला आणि दोनदा उचलला. मग कपाळ पुसून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, हे प्रमेय पुस्तकात नाही."

ड्रॉइंगच्या सरांना चहाचा ठसका लागला. मग हिंदीचे सर हसले, आणि मग कोणाला आवरेना. मी हसले नाही. मला खरंच राग आला होता, कारण या माणसाच्या तांबड्या फुलीवर एका मुलीचं लग्न ठरत होतं.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. हसणं थांबल्यावर म्हणाले, फॉर्म पाठवतो, पण तुमच्या जबाबदारीवर. ती नापास झाली आणि शाळेचे शंभर टक्के बुडाले, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही पाचवीला पाढे शिकवायचे, मॅट्रिकला लांजेवार मास्तर. मी म्हटलं, कबूल. आणि प्रथमच त्यांच्यासमोर बसले.

मग कौसल्याची तयारी. तिला भूमिती शिकवायची गरज नव्हती, अक्षरं लावायला शिकवायची होती. तुम्हाला हे सोपं वाटेल. तिला ते अत्यंत बिनकामाचं वाटे. म्हणायची, बाई, ही बाजू समोर दिसूनच राह्यली, मग तिले नाव काऊन पाह्यजे? मी तिला म्हटलं, "पेपर तपासणाऱ्याला तुझं बोट दिसत नाही, कौसल्या. तुझं बोट कागदावर उतरव, त्यालाच अक्षर म्हणतात." हे तिला पटलं. मग मी मुद्दाम तिला दर वेळी नवी अक्षरं द्यायची, कधी क्ष वर, कधी ट खाली, आकृती कधी डोक्यावर उभी. ती आधी बोटानं सगळं करून घ्यायची, ओठ न हलवता, आणि मग नावं लावत लिहायची. रायडरही ती सोडेना. मी इतरांनाही या तासाला या म्हटलं होतं. दोघं-तिघं आले आणि पळाले. घरून सांगितलं होतं म्हणे की, बाईंच्या नादानं पाठ केलेलं विसरशील.

परीक्षेचं केंद्र वर्ध्याला. राज्य नुकतंच बदललं होतं, आपण मुंबईला जोडले गेलो होतो, तर गावात आवई उठली की पेपर आता मुंबईचे लोक काढणार, ते गणित सोपं काढतात. लांजेवार मास्तरांनी शेवटचा गेस वाटला. निघताना बऱ्याच घरी कंपासपेट्या देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलेलं, ते कुंकू कोनमापकावर सांडून अंश दिसेनासे झालेले. कौसल्या माझ्यासोबत गाडीनं आली. सेलू रोड स्टेशन मागे पडल्यावर बाकड्यावर बोटानं काहीतरी काढत होती, पुसत होती. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

भूमितीचा पेपर सुटला आणि आमची पोरं बाहेर आली ती पडलेल्या चेहऱ्यांनी. वर्तुळाचं प्रमेय आलं होतं, गेसमधलंच. पण आकृती दिलेली होती, आणि अक्षरं वेगळी होती. एक पोरगा मला शपथेवर सांगत होता की, बाई, पेपर चुकीचा छापला आहे. त्यानं आत पर्यवेक्षकांकडेही तक्रार केली होती. याहून वरताण आमचे हेडमास्तर. त्यांनी बोर्डाला तार ठोकली की, आकृतीत अक्षरांच्या गंभीर चुका आहेत, विद्यार्थ्यांवर अन्याय झाला आहे. त्या तारेचं उत्तर आलं नाही. तार वाचून बोर्डातले लोक काय म्हणाले असतील याची मी आजही मनातल्या मनात कल्पना करते.

कौसल्या सर्वांच्या शेवटी बाहेर आली. मी विचारलं, अक्षरं लावलीस? म्हणाली, "त्यायनंच लावून देल्ली होती, बाई. मले काई कामच नाई राह्यलं."

निकाल वर्तमानपत्रात आला. कौसल्या भगत पास झाली आणि गणितात चांगल्या मार्कांनी झाली. शाळेचे शंभर टक्के अर्ध्यावरही राहिले नाहीत. देशकर हेडमास्तरांनी काय करावं? जिचं नाव रोखलं होतं, तिचंच नाव फळ्यावर रंगीत खडूनं लिहून काढलं, 'शाळेचा अभिमान', आणि सत्काराला दौलत भगतला पुढच्या खुर्चीवर बसवलं. भाषणात म्हणाले की, आमच्या शाळेचं वातावरणच असं आहे. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. वैशाखातलं लग्न टळलं, सोयऱ्यांनी दुसरं घर पाहिलं आणि कौसल्या नॉर्मल स्कुलात गेली.

लांजेवार मास्तर सुधारले असतील असं वाटत असेल तर तुम्हाला अजून मास्तर समजले नाहीत. पुढच्या वर्षी ते प्रत्येक प्रमेय तीन प्रकारच्या अक्षरांनी पाठ करून घेऊ लागले. शिकवणीची वेळ वाढली, पोरंही वाढली.

वाईट वाटतं ते त्या आपटलेल्या पोरांचं. एक जण फार कष्टाळू होता. सगळी प्रमेयं त्याला तोंडपाठ, झोपेतून उठवलं तरी म्हणेल. तो पुन्हा बसलाच नाही, बापाच्या किराणा दुकानात गेला. पुढे कित्येक वर्षं मला पाहिलं की तागडी हातात धरून म्हणायचा, "बाई, ऐका, त्रिकोण अबक मध्ये..." आणि शेवटपर्यंत एक शब्द न चुकता म्हणायचा. मी उभी राहून ऐकून घ्यायची. त्याला खोटं सांगावं असं मला कधी वाटलं नाही आणि खरं सांगवलं नाही.

निवृत्तीच्या जरा आधी कौसल्यानं मला सेलूला बोलावलं. ती तिथं गणित शिकवत होती. म्हणाली, बाई, एकदा माझा तास पाहून घ्या. मी गेले, मागच्या बाकावर बसले. तिनं फळ्यावर त्रिकोण काढला. अ वर, ब आणि क खाली. आणि सगळा वर्ग एका सुरात सुरू झाला: "त्रिकोण अबक मध्ये अब बरोबर अक..." तीच चाल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याच्यासाठी का मी तिच्यासाठी भांडले होते? पिशवी उचलून मी उठले सुद्धा. तिनं मला उठताना पाहिलं, आणि तरी पोरांचं संपेपर्यंत थांबली. मग डस्टर घेतलं आणि आकृतीवरची तिन्ही अक्षरं पुसून टाकली. फळ्यावर नुसता उघडा त्रिकोण राहिला.

"आता सांगा," ती म्हणाली.

कोणी हललं नाही. मग माझ्याच बाकावरची, भिंतीकडची एक मुलगी उठली, भीतभीत फळ्यापर्यंत गेली आणि खडूसाठी हात पुढे केला. कौसल्यानं खडू दिला नाही.

"पह्यले बोटानं दाखव," ती म्हणाली. "अक्षरं मंग देऊ."

मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा बसले.